भिंतीपलीकडच्या दोन कात्र्या

अंजनाला उलटं बोलायची खोड लहानपणापासूनची. वडगाव रासाईला, भीमेच्या काठावर, मारुतरावांच्या उसात ती आईबरोबर खुरपायला जायची. मुकादम 'ए पोरी' म्हणाला की ही खुरपं खाली ठेवायची. "मला नाव हाय. अंजना. शाळेच्या हजेरीत लिवलंय." आई कपाळाला हात लावायची. मुकादम दात काढायचा, पण दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारायचा. अशी ही बाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही तीन शब्दांचं. त्या तीन शब्दांनी चाळीस बायांच्या मानेवर जू ठेवलं.

लग्न होऊन ती शिरूर तालुक्यातून नदीपलीकडं दौंड तालुक्यात आली, खुटबावला, बौद्धवस्तीत. नवरा म्हाळू. रेल्वेच्या रुळावर ठेकेदाराकडं कामाला होता. अंगानं खांबासारखा, जयंतीच्या मिरवणुकीत लेझमाचा म्होरक्या, आणि जीभ अशी की कुणाची सालटी काढल्याशिवाय घास गोड लागायचा नाही. शेजारच्या गल्लीतल्या ज्ञानदेवची बायको बाळंतपणानं अंथरुणाला खिळली, तेव्हा ज्ञानदेव नळावर धुणं धुवायला बसला. म्हाळूनं त्याला तिथल्या तिथं नाव ठेवलं, 'ज्ञानूबाई'. ते इतकं चिकटलं की ज्ञानदेवची स्वतःची लेकरंसुद्धा भांडणात तेच नाव काढायची.

नव्व्याण्णव साली रुळाखाली घालायचा सिमेंटचा स्लीपर निसटला आणि म्हाळूचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. ठेकेदार म्हणाला, हा माझ्या वहीत नाही. रेल्वेवाले म्हणाले, आमच्याही नाही. दोन्हीकडच्या कागदांत म्हाळू नव्हताच, पाय तेवढा खरोखरचा गेला. कागदाचा खेळ ज्याला कळत नाही त्याला देश असाच फुकटात वापरून घेतो.

मग अंजना कासुर्डीजवळ सोलापूर रोडच्या कडेला एका शेडमध्ये कामाला लागली. तिथं गाड्यांना लागणाऱ्या रबराच्या रिंगा व्हायच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. साच्यातून रिंग निघाली की तिच्या आतून-बाहेरून पातळ झालर राहायची. ती कात्रीनं कापून रिंग गुळगुळीत करायची, एवढंच काम. चाळीस बाया लांब टेबलांवर बसायच्या. हात बसलेल्या बाईच्या दिवसाला आठशे रिंगा व्हायच्या, नऊशे म्हणजे डोक्यावरून पाणी. टेबलाच्या टोकाला कस्तुराबाई असायची, वरच्या आळीची, पन्नाशीची, वांझोटी म्हणून दिरांनी वेगळी काढलेली. पहिले दोन महिने ती वस्तीवरच्या बायांच्या माठातलं पाणी घ्यायची नाही. मग एका उन्हाळ्यात तिचा माठ फुटला आणि जातही फुटली. नंतर ती अंजनाच्या डब्यातली वाळकी बोंबलाची चटणी हक्कानं काढून घ्यायला लागली.

दोन हजार एकच्या दिवाळीला शेडमध्ये नवी मशिनं आली. टेबलांची जागा लागत होती. शेठनं बायांना गोळा केलं आणि म्हणाला, "आता घरी बसून काम करा. टेम्पो माल आणून टाकेल, टेम्पोच घेऊन जाईल. पोरंबाळं बघा, भाकऱ्या थापा, जमेल तेवढं कापा."

बायांनी टाळ्या वाजवल्या. वडापच्या जीपमधली घुसमट वाचली म्हणून वाजवल्या. कुणी विचारलं नाही की बल्ब कुणाचा जळणार, कात्री कुणाची झिजणार, आणि पाठ धरली तर ती कंपनीची की घरची. हजेरीपटावरची चाळीस नावं उडाली, त्या जागी चाळीस कार्डं आली. कार्डावर फक्त आकडा. आकड्यामागं माणूस एक की दोन, हे लिहायला त्यावर जागाच नव्हती.

आणि इथंच अंजनाच्या घरात दुसरी कात्री आली.

म्हाळू दिवसभर पत्र्याकडं बघत पडून असायचा. एका दुपारी अंजना पाणी भरून आली, तर गडी पोत्याजवळ बसून रिंग कापत होता. बोटातून रक्त गळत होतं.

"काय करताय आवं?"

"दार लाव आधी."

पहिल्या महिन्यात त्यानं बोटांची चाळण केली. मग हात असा सरावला की अंजनाच्या पुढं गेला. तिला चूल होती, नळ होता, शेरडाचं बघायचं होतं. त्याला दुसरं कामच नव्हतं. सकाळी चहा झाला की दाराला आतून कडी, खिडकीला पोतं, आणि कट् कट् कट् कट्. कुणी आलं की कात्री मांडीखाली जायची आणि म्हाळू भिंतीला टेकून कण्हायला लागायचा.

"लोकांस्नी कळलं तर काय व्हतंय?" ती विचारायची.

"ज्ञान्याला मी नाव ठेवलंय. माझं काय ठिवतील ते तुला सांगू का?"

असं दोघांचं मिळून कार्ड सतराशेवर गेलं. बाकीच्या बाया घरी साताठशेवरच होत्या. पहिल्यांदा अंजना कचरली. पण आकडा वाढला तसं टेम्पोवाला तिला 'नंबर वन' म्हणायला लागला, आणि माणसाला, त्यातून गरिबाला, नंबर वन म्हटलेलं फार गोड लागतं. तिसऱ्या वर्षी एक मेला शेठनं सगळ्या बायांना शेडवर बोलावून पेढे वाटले. त्यांच्यासमोर अंजनाला भिंतीवरचं घड्याळ दिलं.

"अंजनाताई, यांना सांगा, सतराशे कसे होतात?"

चाळीस तोंडं तिच्याकडं वळली. गौतमी, जी तिच्या भिंतीला भिंत लावून राहायची, तीही बघत होती. अंजनाच्या डोळ्यापुढं म्हाळूची मांडीखालची कात्री आली.

"हात बसलाय, साहेब," ती म्हणाली.

हे ते तीन शब्द. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर म्हाळूनं घड्याळ स्वतःच्या हातानं खिळ्याला लावलं, कुबडीवर रेलून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मोठा काटा माझा."

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एका मोठ्या गाडीकंपनीचा तपासनीस आला. माल उघडला तर रिंगांत कोंबडीचं पीस. दुसऱ्या पिशवीत हळद लागलेल्या रिंगा, तिसऱ्या पिशवीत बाजरीचे दाणे. तो म्हणाला, एका छपराखाली काम होणार असेल तर ऑर्डर, नाहीतर राम राम. कोंबडीचं पीस अर्थातच 'वस्तीवरच्या मालात' निघालं असं ठरलं. कोंबड्या जणू वस्तीवरच अंडी घालतात, वरच्या आळीत नुसत्या आरवतात.

एका सोमवारी टेम्पो रिकामा आला. सगळ्यांनी शेडवर यायचं, साडेआठला फाटक बंद. अडीच वर्षांनी बाया परत टेबलाला बसल्या. बूड टेबलाची सवय विसरलं होतं. कुणी मध्येच उठून चुलीकडं जायला बघायची आणि आठवून खाली बसायची. लघवीला जायलासुद्धा हात वर करायचा. नवा सुपरवायझर होता सतीश, पंचविशीचा, यवतचा. गोड बोलायचा, सगळ्यांना ताई-मावशी करायचा. आठवड्यानं त्यानं भिंतीवर पांढरा बोर्ड लावला. टार्गेट, पंधराशे.

"येडं लागलं का रं लेका?" कस्तुराबाई म्हणाली. "पंधराशे रिंगा का पंधराशे कुरडया?"

सतीश हसला. "मावशी, अंजनाताई घरी भाकऱ्या थापून सतराशे करत होत्या. त्यांचं अडीच वर्षांचं कार्ड आहे माझ्याकडं. इथं पंखा आहे, लाइट आहे. मी दोनशे सोडूनच बोर्ड लावलाय." आणि त्यानं सांगून टाकलं, आठवड्यात तीन दिवस कमी भरले की ताकीद, ताकिदीनंतरही नाही भरले की सुट्टी, कायमची.

त्या दिवशी अंजनाच्या साडेआठशे झाल्या. दुसऱ्या दिवशी आठशे ऐंशी. बोटं सुजली. सतीश कानाशी येऊन म्हणाला, "ताई, घरी सतराशे आन् इथं आठशे? बायांना फितवताय का? युनियन-बिनियन डोक्यात असेल तर आत्ताच सांगा."

जीपमध्ये गौतमी तिच्याशेजारी बसली. यवत मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "भिंत एका विटेची हाय, अंजना. दोन कात्र्या ऐकू येत्यात मला. अडीच वर्सं ऐकतीय."

अंजनानं तिचा दंड धरला. "कुणाला बोललीस?"

"न्हाई. बोलायचं असतं तर कवाच बोलले असते. पर आता तूच सांग. कस्तुराबाई नवशेच्या वर जाईना. डोळं गेल्यात तिचं. तिला कोन बघनार हाय?"

रात्रीच्या भाकरीला अंजनानं म्हाळूजवळ विषय काढला. तो ताटावरून उठला, एका पायावर, कुबडी न घेता. "सांगायचं आसंल तर सांग. मंग ह्या घरात पाऊल ठिवू नगंस. रिंगा हिकडं आन. मी कापतो. सकाळी घिऊन जा. तुझा आकडा भरतोय का न्हाई बघ."

इथं अंजनानं दुसरी चूक केली, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. जेवणाच्या पिशवीत, डब्याखाली फडक्यात गुंडाळून, ती रोज पाचसहाशे रिंगा घरी न्यायला लागली. सकाळी साफ केलेल्या परत आणून आपल्या ट्रेमध्ये मिसळायची. तिचा आकडा चौदाशे, साडेचौदाशे, पंधराशे झाला. सतीशनं बोर्डावर तिच्या नावापुढं चांदणी काढली. "बघा. होतात ना?"

बाया तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. डबा खायला बसली की टेबल रिकामं व्हायचं. कस्तुराबाईला पहिली ताकीद मिळाली. ती एवढंच म्हणाली, "माझ्या बोटात खोट हाय, बाई. तुझ्या बोटास्नी देव पावलाय." चटणीला तिनं हात लावला नाही.

नऊ दिवस हे चाललं. दहाव्या दिवशी माल कमी भरतोय म्हणून फाटकावर पिशव्या तपासायला लागले. वॉचमन बिहारचा होता. "मौसी, झोला खोलो." फडकं सुटलं आणि रिंगा फाटकाच्या लोखंडावर टपटपत उड्या मारत गेल्या. चाळीस बाया ओळीत उभ्या होत्या. सतीश धावत आला.

"चोरी? तुम्ही, ताई?"

"चोरी न्हाई. सकाळी साफ करून आनते परत. ट्रे मोजून बघा."

"घरी साफ कोण करतं?"

अंजना वाकून रिंगा गोळा करायला लागली. रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला, त्याची धूळ सगळ्यांच्या तोंडावर बसली. ओळीच्या शेवटाला कस्तुराबाई पदरानं डोळे पुसत होती, धुळीनं की कशानं कोण जाणे. चोर म्हणून घरी जायचं की नवऱ्याचं झाकलेलं उघडं करायचं, एवढंच राहिलं होतं. मुकादमापुढं खुरपं ठेवणारी पोर तिच्या अंगात कुठंतरी उठून बसली.

"माझा नवरा," ती म्हणाली. "पयल्यापास्नं. सतराशे दोघांचं हाय. माझं एकटीचं साडेआठशेच. त्यो बोर्ड खोटा हाय, साहेब."

बायांमधून एक आवाज निघाला, सुस्काऱ्यासारखा.

"नवरा? त्यांना पाय नाही ना?"

"कात्री काय पायानं धरत्यात व्हय?"

एकदोघी फिसकन हसल्या. सतीशचे कान लाल झाले. "विचारून येतो," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

जीप वस्तीच्या वळणावर थांबली तेव्हा सतीश आधीच पोचला होता. विहाराच्या कट्ट्यापुढं गाडी लावून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत होता. कट्ट्यावर पाचसहा गडी, त्यांत ज्ञानदेव. म्हाळू दारात, कुबडीवर. अंजना आणि गौतमी जीपमधून उतरल्या त्या थेट शेवटच्या प्रश्नावर.

"तुमची बायको म्हणती, रिंगा तुम्ही कापता. खरं का?"

म्हाळूनं कट्ट्याकडं बघितलं. ज्ञानदेव जागचा उठला. "सांग की म्हाळू खरं काय ते. आमी काय खानार हाय का तुला?"

तो ज्ञानदेव होता म्हणूनच घात झाला. दुसरं कुणी बोललं असतं तर कदाचित...

"तू गप ए ज्ञानूबाई!" म्हाळू खेकसला. मग सतीशकडं वळला. "साहेब, पाय गेलाय माझा, गडीपना न्हाई गेला. बायकांची कामं मी करत न्हाई."

"साहेब, भिंतीतनं मला दोन कात्र्या ऐकू येत्यात," गौतमी पुढं झाली. "रोज. इच्चारा की मला."

"शेजारीण शेजारणीचंच बोलणार." सतीशनं हात पुढं केला. "ताई, कार्ड."

एका गड्याचं 'नाही' दोन बायांच्या 'हो'पेक्षा जड भरलं. असा तराजू ज्यानं बनवला त्याचं घर जळो. अंजनानं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून दिलं. सतीश गेला. सतराशे रिंगा अंजनाच्याच ठरल्या, बोर्ड खरा ठरला, आणि अंजना चोर.

घरात आल्यावर ती रडली नाही. म्हाळूच समोर बघेना.

"कस्तुराबाईला काढतील आता," ती म्हणाली. "तुमच्या एका 'न्हाई'नं."

"आन् तुझ्या?" तो उसळला. "घड्याळ घेतलंस तवा कुठं व्हती तुझी जीभ? हात बसलाय म्हनलीस. कुनाचा बसलाय ते म्हनलीस का?"

तिनं दार सताड उघडलं आणि त्याला विटेचा तुकडा लावला. "आजपास्नं दार उघडं ऱ्हाईल," एवढंच बोलली. पाच दिवस दोघं त्या उघड्या दाराच्या घरात एकमेकांशी न बोलता राहिली.

शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून गौतमीचा आवाज आला. कुणाशी बोलत होती कळलं नाही, पण मुद्दाम मोठ्यानं. "कस्तुराबाईला आज काढलं. जाताना शेडची कात्री टेबलावर ठिवून गेली. म्हनली, ही तेवढी माझी न्हाई."

म्हाळू ऐकत होता. सोमवारी सकाळी त्यानं जयंतीचा पांढरा सदरा घातला, खिशात कात्री ठेवली आणि एक झालरीची रिंग, पोत्याखाली राहिलेली. "चल," म्हणाला. वडापमध्ये त्याला चढवताना अंजनाला घाम फुटला. कासुर्डीपर्यंत तो कुबडी छातीशी धरून बसला, लेझीम धरल्यासारखी.

फाटकावर वॉचमननं त्याला वरपासून खालपर्यंत, म्हणजे एका पायापर्यंत, बघितलं. "काम चाहिए? ट्रिमिंग में मर्द नहीं लगता, चाचा. सिर्फ लेडीज."

"काम नगं. साहेबाला बोलाव."

सतीश बाहेर आला. म्हाळू फाटकाबाहेरच्या दगडावर बसला, खिशातली रिंग काढली आणि त्याच्यासमोर कापली. आतून, बाहेरून. झालर एका तुकड्यात निघाली, काकडीच्या सालीसारखी. आतल्या टेबलांवरच्या बाया माना उंच करून बघत होत्या. त्यानं रिंग सतीशच्या हातावर ठेवली.

"सतराशेतलं आर्दं माझं व्हतं. त्या दिशी मी खोटं बोललो. माझी बायको चोर न्हाई."

सतीशनं सवयीनं रिंग उजेडात धरून बघितली. चांगली होती. त्याचा चेहरा पहिल्यांदाच पंचवीस वर्षांचा दिसला.

"खरं असेल, काका. पण शेठनी पंधराशे धरून ऑर्डर घेतलीय. वर कळवलंय. आता बोर्ड उतरत नाही." मग हलक्या आवाजात म्हणाला, "ताईंचं मी चोरी म्हणून लिहिलं नाही. कामाला नको एवढंच लिहिलंय." आणि आत गेला. रिंग त्याच्या खिशातच राहिली.

परत येताना दोघं विहाराशी उतरली. म्हाळू ज्ञानदेवपाशी थांबला.

"ज्ञानदेव," तो म्हणाला, पूर्ण नावानं. ज्ञानदेवनं सरकून जागा केली. म्हाळू बसला. अंजना एकटी घरी आली.

त्यानंतर अंजनानं शेड बघितली नाही. ती कांद्याच्या, उसाच्या रानात खुरपायला जाते, आणि मुकादम 'ए बाई' म्हणाला तर अजून खुरपं खाली ठेवते. म्हाळू दारात बसून वस्तीतल्या बायांनी शेडवरून घरी आणलेल्या कात्र्यांना धार लावून देतो, नुसत्या त्यांच्याच, त्याही फुकट. कस्तुराबाईकडं अंजना दोनदा गेली. एकदा दार उघडलं नाही. एकदा उघडलं, आणि पाणी विचारलं नाही.

घड्याळ अजून भिंतीवर आहे. सेल संपल्यावर कुणी घातला नाही.

गौतमी मात्र शेडवर जाते. तेराशेपर्यंत पोचलीय. पंधराशे होत नाहीत, पण नव्या बायांच्या हजारही होत नाहीत, म्हणून तिला ठेवलीय. संध्याकाळी आली की अंजनाच्या उंबऱ्यावर बसते आणि उजवा हात पुढं करते. अंगठा आतल्या बाजूला वाकलाय, सरळ होत नाही. अंजना मिठाचं गरम पाणी आणते, अंगठा त्यात बुडवते आणि दाबत बसते. पाणी निवलं की गौतमी हात काढून घेते.

"किती झाल्या आज?" आतून म्हाळू विचारतो.

गौतमी आकडा सांगते. तो आतल्या आत काहीतरी मोजतो, आणि मग दुसऱ्या दिवशीची कात्री दगडावर घासायला लागतो.